देवरेनानांच्या चाळीस बॅटऱ्या

परवा माझा भाचा त्याच्या जुन्या गाडीसाठी नवी बॅटरी घेऊन आला आणि तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. बॅटरी तेवढ्याच व्होल्टची, तेवढ्याच ताकदीची, कागदावर सगळं जुळत होतं. फक्त ती गाडीत बसत नव्हती. लाल वायर वीतभर आखूड पडत होती. "मावशी, नंबर तर बरोबर आहे गं," तो घामाघूम होऊन म्हणाला, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बॅटरी नंबरावर बसत नाही बाबा, जागेवर बसते." वाक्य माझं नव्हे, देवरेनानांचं. बोलून गेले आणि नंतर दिवसभर मला काही सुचेना.

नाना म्हणजे काशिनाथ देवरे, आमच्या वाहन-भांडाराचे भांडारपाल. खातं कुठलं ते सांगत नाही. तिथल्या माणसांकडे मला अजून लग्नकार्याला जावं लागतं. एवढं पुरे की खात्याच्या जिपा जिल्हाभर फिरत, सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंत, आणि त्यांचे टायर, पट्टे, बॅटऱ्या नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या आमच्या पत्र्याच्या गोडाऊनमधून जात. त्र्याण्णव साली मी तिथे कारकून म्हणून लागले. पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगून ठेवलं, "स्टोअरला देवरे आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका. वेळ जातो."

उंच, किडकिडीत माणूस. अंगात बारा महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि त्यावर ॲसिडने पाडलेली बारीक भोकं. घर सटाण्याला. शनिवारी संध्याकाळी नाना एसटीने जायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे. मधल्या रविवारी त्यांच्या पत्नी सुमनकाकू ती भोकं रफू करायच्या, हाताला लागेल त्या रंगाच्या दोऱ्याने. त्यामुळे नानांच्या पोटावर हिरवे-निळे ठिपके असत आणि आम्ही मागून चिडवायचो की नानांना वेल फुटलाय. ऐकू गेलं तरी ते रागवायचे नाहीत. खुर्चीवर कधी बसायचे नाहीत, स्टुलावर बसायचे. पेन मागितलं तर पेन द्यायचे आणि टोपण स्वतःच्या खिशात ठेवायचे.

मोटार दिसली की मात्र या माणसाला राहवत नसे. माझ्या लग्नात जेवायची पंगत सोडून ते मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांपाशी सापडले. माझे चुलतसासरे बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने कडक. त्यांना नाना विचारत होते, "साहेब, तुमची प्लस डावीकडं हाय का उजवीकडं?" सासरे मला पुढे वर्षभर विचारत होते, तो मनुष्य कोण होता म्हणून.

बॅटरी देण्याची त्यांची पद्धत खात्यात दुसऱ्या कोणाची नव्हती. वर्कशॉपच्या सुताराकडून त्यांनी खोक्यांच्या फळ्यांच्या लाकडी बॅटऱ्या करून घेतल्या होत्या. आमच्याकडे चार तऱ्हेच्या गाड्या, म्हणून चार पेट्या. लांबी, रुंदी, उंची सगळं खऱ्या बॅटरीचं, आणि वर टर्मिनलच्या जागी दोन खुंट्या, एक लाल, एक काळी. ड्रायव्हर बॅटरी मागायला आला की नाना आधी लाकडी पेटी घेऊन गाडीपाशी जात. ती खाली ट्रेमध्ये नीट बसते का, वरची पट्टी आवळली की हलते का, वायरी न ताणता खुंट्यांपर्यंत येतात का, हे बघत. मग दोन्ही खुंट्यांवर ओल्या मातीची एकेक गोळी ठेवून बॉनेट लावत आणि परत उघडत. माती दबली असेल तर पत्रा टर्मिनलच्या फार जवळ येतो, म्हणजे गाडी वर्कशॉपला. दबली नसेल तरच खरी बॅटरी मिळायची.

ड्रायव्हर वैतागायचे. सुरगाण्याच्या जिपेवर महादू गावित होता, तो तर बॉनेटवर हात आपटायचा. "नाना, मागच्या टायमाला बसली तीच जीप हाय ना ही? द्या ना आता, लय लांब जायाचंय."

"तीच हाय. पण मधी तुझा ट्रे बदललाय."

"मंग?"

"मंग काय? बॅटरी नंबरावर नाय बसत, महादू. जागेवर बसती."

हे खूळ कुठून आलं ते मला महादूनेच सांगितलं. मी लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. सुरगाण्याच्या एका जिपेला नानांनी नंबर बघून बॅटरी दिली होती. ती ट्रेपेक्षा अंगाने लहान, म्हणून ड्रायव्हरने बाजूला गोणपाट कोंबलं. भर दुपारी घाटात, एका अडलेल्या बाईला नाशिकला आणताना, खड्ड्यात बॅटरी उडाली, टर्मिनल पत्र्याला लागलं आणि वायर जळून जीप जागच्या जागी बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत तीन तास गेले. बाई वाचली, बाळ गेलं. चौकशीत नानांवर काही आलं नाही, कारण नंबर बरोबर होता. त्याच आठवड्यात ते सुताराकडे गेले.

आता मुख्य गोष्ट. नानांचे वडील, आबा, सटाण्याला अर्धांगवायूने अंथरुणावर होते. उजवी बाजू गेलेली. त्यांचं उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं सुमनकाकू एकट्या करत. दर बुधवारी दुपारी नाना ऑफिसच्या फोनवरून सटाण्याला शेजाऱ्यांकडे फोन लावायचे आणि एवढ्या मोठ्याने बोलायचे की फोनची गरजच नव्हती. "आबा जेवनात का? हा. हा. शनवारले येस मी." आबांना मुलाशिवाय करमत नसे, आणि नानांना एकच गोष्ट हवी होती. आबा माणसं ओळखतायत तोवर सटाण्याला बदली. खात्याचं तिथे छोटं कार्यालय होतं. नाना दरवर्षी अर्ज करत होते.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये हुकूम आला. नाना साहेबांच्या खोलीतून बाहेर आले आणि तिघांना पेढा दिला. चौथ्याला द्यायला विसरले, इतकं त्यांचं चित्त उडालं होतं. पण भांडारपालाला नुसता बदलीचा हुकूम असून भागत नाही. त्याला चार्ज द्यावा लागतो. म्हणजे नव्या माणसाने येऊन गोडाऊनमधली प्रत्येक वस्तू बघायची, मोजायची, आणि सगळं नोंदीप्रमाणे व वापरण्याजोगं मिळालं अशी सही करायची. ती सही झाली की जुना माणूस कार्यमुक्त. झाली नाही, तर बदलीचा हुकूम खिशात ठेवून जुना माणूस तिथेच.

एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता ट्रक आला. वरच्या कार्यालयाने परस्पर मागवलेल्या चाळीस बॅटऱ्या, भरलेल्या, चार्ज केलेल्या. साहेब म्हणाले, वर्ष आज संपतंय, ताब्यात घेतल्याची सही आजच हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा भांडारपाल सिन्नरहून यायचा होता आणि नानांनी ट्रंकसुद्धा बांधून ठेवली होती. त्यांनी चाळीस मोजल्या, व्होल्ट बघितले, ताकद बघितली, आणि सही केली. लाकडी पेटी बाहेर काढली नाही. इतक्या वर्षांत तेवढा एकच दिवस.

सकाळी सिन्नरचा तरुण आला. नाना त्याला प्रेमाने सगळं समजावत होते. "आधी ही पद्धत शिकून घ्या," म्हणाले, आणि महादूची जीप उभी होती तिच्यात लाकडी पेटी बसवून, मातीची गोळी ठेवून दाखवली. मग एक नवी बॅटरी आणून पेटीशेजारी ठेवली. मी खिडकीतून बघत होते. नाना वाकले ते वाकलेलेच राहिले. पेटीची लाल खुंटी डावीकडे, नव्या बॅटरीची प्लस उजवीकडे. वर ती पेटीपेक्षा बोटभर उंच. उलटी फिरवून ठेवावी तर टर्मिनल बॉनेटच्या उताराखाली येणार आणि पत्रा टेकणार. फिरवली नाही तर वायर पोचणार नाही.

त्या पोराला काहीही कळलं नव्हतं. त्याच्या हातात पेन तयार होतं. नाना गप्प बसले असते तर दुपारच्या गाडीने सटाण्याला गेले असते. मी हे नुसतं म्हणत नाही, त्या क्षणी मी मनात म्हणत होते, नाना, गप्प बसा. नाना म्हणाले, "थांबा. ह्या नाय बसत." त्यांनी उरलेल्या तिन्ही पेट्या आणल्या. त्या बॅटऱ्या आमच्या कुठल्याच गाडीला बसत नव्हत्या. पोराने पेनाला टोपण लावलं आणि संध्याकाळी तो सिन्नरला परत गेला.

पुढची सहा वर्षं मी त्या माणसाला अडकलेलं पाहिलं. पुरवठादाराने हात झटकले, कारण मागणीपत्रात टर्मिनल कुठल्या बाजूला हवं हे लिहिलंच नव्हतं. वर पत्र पाठवलं की उत्तर यायचं, "सदर बॅटऱ्यांचा वापर करून अहवाल सादर करावा." बसत नाहीत तर वापरणार कशा, असं विचारलं की उत्तर यायचं, "मागील पत्र पाहावे." ही सगळी पत्रं मीच टाइप केली. बॅटरी भंगारात काढायची तर तिचं आयुष्य वाहनात वापरून संपलं पाहिजे आणि तक्त्यात वाहनाचा क्रमांक लिहिला पाहिजे. नुसती पडून मेली तर निष्काळजीपणा. म्हणून नाना दर महिन्याच्या एक तारखेला चाळीसच्या चाळीस बॅटऱ्यांत पाणी बघायचे आणि आळीपाळीने चार्जर लावायचे. स्वतःला अडकवून ठेवणाऱ्या वस्तू ते स्वतःच्या हाताने जिवंत ठेवत होते. मला ते बघवायचं नाही.

सत्त्याण्णवमध्ये साहेबांनी त्यांना बोलावून समजुतीने सांगितलं, "देवरे, मिस्त्री म्हणतो वायर जोडून लांब करता येईल. एकेक करून लावून टाका गाड्यांना. वर्षा-दोन वर्षांत संपतील. तुम्ही सुटाल, मी सुटेन." नानांनी महादूची जीप आत घेतली, मिस्त्रीकडून वायर जोडून घेतली, बॅटरी बसवली, इंजिन चालू केलं आणि बॉनेटमध्ये वाकून उभे राहिले. महादू खूश. "बसली ना नाना, आता काय बघताय?" नाना बघत होते ती वायर. इंजिन थरथरलं की जोडाची जागा एका लोखंडी कडेला घासत होती. त्यांनी तिच्याखाली बोट धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग इंजिन बंद करून पाना मागितला आणि बॅटरी काढली.

त्या दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "ताई, आबांसाठी मी एवढं करायला पायजे होतं का?" मी टाइपरायटरवरून मान वर केली नाही.

आणि मग नव्व्याण्णव साल. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी खात्याची परीक्षा पास झाले होते, आणि साहेबांनी हुकूम काढला की देवरेंचा चार्ज मी घ्यावा. नानांचा चेहरा त्या दिवशी कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी गोडाऊन झाडून घेतलं. चार्ज रिपोर्टवर दोन सह्या असतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. त्यांनी देणाऱ्याची सही आधीच करून टाकली. दोन दिवस आम्ही टायर मोजले, पट्टे मोजले, नटबोल्टचे डबे ओतून मोजले. तिसऱ्या दिवशी बॅटऱ्यांचं पान आलं. चाळीस नग, वापरण्याजोगे. मी पेन टेकवलं. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, नवऱ्याची पुण्याला बदली व्हायची बोलणी चालली होती. सही केली की मी कायमची इथे, हे मला स्वच्छ दिसलं.

"नाना, मला नाही जमणार," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातून रजिस्टर घेतलं, मिटलं. "बरोबर हाय, ताई. मी पन नसती केली." आणि बाहेर जाऊन दोन चहा सांगून आले. त्यांनी मला वाईट वाटू दिलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आबांना दुसरा झटका आला. बुधवारचा फोन आता छोटा झाला. आबांची वाचा गेली होती. काकूंना ओळखत, कारण त्या रोज समोर असत. आठवड्यातून एकदा येणारा मुलगा कधी ओळखू येई, कधी नाही. एका सोमवारी नाना आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काल आबांनी मला डाव्या हातानं नमस्कार केला. पाहुना समजून." मी उठून मागे नळावर गेले आणि तोंड धुतलं.

नवऱ्याची पुण्याची बदली झालीच नाही, ही आणखी एक थट्टा. मी नानांना म्हणाले, आता मी चार्ज घेते. त्यांनी मान हलवली. "तुम्हाला अडकवून मी सुटू? नाय, ताई. तुमचं पोरगं लहान हाय." मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हेच. चौथ्यांदा मी विचारलं नाही. दोन हजार एकच्या जून महिन्यात एका सोमवारी नानांची एसटी उशिरा येणार होती. मी फाइलमधून नव्व्याण्णवचा तो चार्ज रिपोर्ट काढला. त्यांची सही होतीच. मी बॅटऱ्यांच्या पानावर सही केली, रिपोर्टवर सही केली आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता कार्यमुक्तीच्या आदेशावर सही ठोकली.

नाना अकराला आले. मी आदेश हातात दिला. त्यांनी तो वाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "कोनी सांगितलं होतं तुम्हाला? खोडा ती सही! खोडा म्हनतो ना!" गोडाऊनमधले हमाल कामं थांबवून बघायला लागले. मी म्हणाले, "नाना, ती आता आवक-जावकला गेली. खोडता येत नाही. जा घरी." ते स्टुलावर बसले आणि शर्टाची बाही डोळ्यांना लावून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. साहेबांनी दार लोटून घेतलं.

पुढचं बहुतेक ऐकीव आहे. महादू सटाण्याला गेला की सांगायचा. नाना रोज सकाळी आबांना खुर्चीत बसवून अंगणात आणतात. आबा त्यांना मुलगा म्हणून ओळखत नाहीत. रोज येऊन दाढी करून देणारा कोणी भला माणूस समजतात आणि त्याच्याकडे बघून हसतात. सव्वा वर्षाने आबा गेले. मी दोन वर्षं आधी सही केली असती तर, हा हिशेब मी मांडत नाही, तो आपोआप मांडला जातो. आणि माझ्या बॅटऱ्यांचं म्हणाल, तर चार वर्षांनी नवे साहेब आले, गोडाऊनमध्ये एक चक्कर मारली आणि दोन ओळींची टिप्पणी लिहून चाळीसच्या चाळीस भंगारात काढल्या. दोन ओळी, दहा मिनिटं. कोणी काही विचारलं नाही. ते नानांना फोन करून सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून आमचं पुढे बोलणंच राहिलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कार्यमुक्तीच्या त्याच दुपारी, एसटी स्टँडवर. मी हट्टाने पोचवायला गेले होते. ट्रंक वर टपावर चढली. नाना खिडकीशी बसले आणि गजांतून मला सूचना द्यायला लागले. सतरा नंबरच्या बॅटरीचा एक सेल झिरपतो, तिच्याखाली वाळू ठेवा. पाणी गार असताना घाला. चार्जरची पिन सैल आहे, पोराला घेऊन आत जाऊ नका. मी हो हो म्हणत होते. कंडक्टर आला नव्हता, ड्रायव्हर चहाला गेला होता. पाणी कुठून आणायचं ते सांगता सांगता नाना मध्येच थांबले. मला वाटलं काही आठवतायत. डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं आणि तोंड थोडं उघडं पडलं होतं. झोप लागली होती.

गाडी सुटायला आणखी वीस मिनिटं लागली. शेंगदाणेवाले ओरडत होते, माणसं खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होती, एक बाई त्यांच्या अंगावर मूल ठेवून तिकिटाचे सुटे शोधत होती. नाना जागे झाले नाहीत. मी खिडकीशी उभी राहिले. हाक मारावी असं एकदा वाटलं, पण मारली नाही. गाडी मागे सरली, वळली, आणि मी त्या झोपलेल्या माणसाला हात करत राहिले.